शागुतीतली खसखस

व्हिसा आला त्या दुपारी आईने
शागुतीचा मसाला भाजायला घेतला.
खोबरे, धणे, बडीशेप, दगडफूल,
मिरच्यांचा ठसका पार मांद्र्याच्या तिठ्यापर्यंत.
शेवटी मुठीतून सोडली खसखस,
तापल्या तव्यावर नाचली.

तेवढ्यात पायरीवर इनास बाब.
सव्वीस वर्षे शारजात दुसऱ्यांची घरे थंड करून
आता स्वतःच्या सोप्यावर पंख्याशिवाय बसणारा माणूस.
त्याने वास घेतला.
"हातूंत खसखस आसा?"

आई म्हणाली, नसेल तर ती शागुती कसली.
तो म्हणाला, असेल तर तिथे ती शागुती नाही,
अफू आहे. तुरुंग आहे, बाय.

मग बसला, आणि सांगत राहिला.
खोकल्याचे औषध नेशील तर डॉक्टरची चिठ्ठी ने.
रस्त्यात परक्या बाईचा फोटो काढू नकोस,
तो चुकून आला तरी.
रमजानात दुपारी बसस्टॉपवर
पाण्याची बाटली पिशवीतच राहू दे.
आणि शारजात ती दुसरी बाटली नाहीच.
सव्वीस वर्षे मी फेणीचे नुसते नाव घेऊन झोपलो.
सही करशील तो कागद अरबीत असेल,
आधी कुणाकडून तरी वाचून घे.

आई तव्याकडे बघत होती.
"देश आहे की डबे उचकणारी सासू?"

पण कायदा म्हणजे काय ते तिला ठाऊक होते.
बाबा घर विकायला निघाले तेव्हा
नोटरीपुढे तिने काहीच केले नव्हते,
फक्त सही केली नव्हती.
घर अजून आहे.

आणि मागच्या खोलीत हेडविग आहे,
तिसऱ्या हिवाळ्यापासून.
पहिल्या वर्षी तिचा सी फॉर्म चोवीस तासांत गेला नाही
म्हणून पेडण्याच्या पोलिसांनी आईला
दोन तास बाकावर बसवून ठेवले.
त्याच आठवड्यात, सोमवारी,
हेडविगने विहिरीकडेला बांगडे भाजले.
आई गेली, न बोलता चूल विझवून आली.
रात्री सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर
पेन्सिलीने नियम लिहून दिले, मराठीत.
हेडविगला वाटले शुभचिन्ह.
तिने तो कागद उशाशी टांगला,
खाली रोज एक जास्वंद.

वर्षभराने अक्षरे शिकून ती दारात आली,
चप्पल बाहेर काढून.
"सोमवार म्हणजे काय?"
म्हणजे अर्थ तिला कळला होता.
का, ते विचारत होती.
आईने तिला आत बसवले.
इतक्या वर्षांत तिला स्वतःलाही
कुणी ते विचारले नव्हते.

तवा उतरला.
भाजलेले आता वेगळे होणार नव्हते,
दाणा आणि खोबरे एकमेकांत गेलेले.
अर्धे इनास बाबला, अर्धे हेडविगला.
आईने मिक्सरचे भांडे तीनदा धुतले,
मग उन्हात पालथे घातले,
मग पुन्हा धुतले.
आणि दुसरा मसाला वाटला.

मी बोट लावून चाखला.
काहीतरी निसटले होते मागच्या दाढेपाशी.
"कसा आहे?"
चांगला आहे, म्हटले.
"खोटे बोलू नकोस. तिथे तरी बोलू नकोस."

बॅगेत मसाला, डॉक्टरची चिठ्ठी,
इनास बाबने दिलेला कुणा अब्दुलकादरचा नंबर,
जो बहुतेक आता लागत नाही.
आणि पोत्याच्या कागदाचा एक कोरा तुकडा.
यावर तू लिही, आई म्हणाली,
तिथल्यांना विचारून.

मोपाच्या विमानतळावर, काचेच्या दारात,
मागची माणसे खोळंबलेली असताना
ती वाकली आणि माझ्या ओढणीची किनार झटकली,
एकदा, परत एकदा,
एखादा दाणा राहिला असला तर.